चवथीच्या नेवऱ्या, खसखस आणि बोटीची ड्रग टेस्ट

मामी_फोंडेकर (सोमवार, रात्री ९.१०)

मंडळी, प्रश्न विचित्र आहे, हसू नका.

माझा भाचा क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला आहे. चवथीला सुट्टीवर घरी आला होता. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, गुरुवारी मुंबईला मेडिकल. त्यात लघवीची ड्रग टेस्ट असते. पोरगा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, पण नेवऱ्या बघितल्या की सुटतो. आमच्या सारणात खोबरं, तीळ, गूळ आणि बऱ्यापैकी खसखस. रोजच्या पाच-सहा तरी गेल्या. वर काल शागोती झाली, तिच्या वाटपातही खसखस.

आज त्याचा बोटीवरचा दोस्त येऊन सांगून गेला, "खसखस खाल्लीस तर टेस्टमध्ये अफू दाखवतात." तेव्हापासून पोराने डब्याला हात लावलेला नाही आणि माझी नणंद माझ्याकडे अशी बघतेय की जणू मी त्याच्या पोटावर पाय दिला.

हे खरं आहे का? असेल तर नेवरी खाल्ली की आणखी काही, हे लॅबवाल्यांना कळतं कसं? काही नियम, प्रमाण असेलच ना?

डिचोलीकर (रात्री ९.१४)

मामी, उरलेल्या नेवऱ्या इकडे पाठवा. टेस्ट आम्ही करतो.

वेर्ण्याचा_क्यूसी (रात्री ९.३१)

माझाच विषय निघाला म्हणून लिहितो. ड्रग टेस्टिंगचे नियम अगदी काटेकोर असतात. भारतात आधार इंडियन फार्माकोपियाचा, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी ग्रंथाचा. गोळी घ्या: आधी ओळख, मग अॅसे, म्हणजे औषध लेबलवर लिहिलंय तेवढं आहे का, मग डिसोल्यूशन, म्हणजे गोळी विरघळते कशी ते. सहा गोळ्या सहा भांड्यांत, पाणी ३७ अंशांवर, ठरलेल्या वेगाने ढवळायचं आणि ठरलेल्या वेळी नमुना काढून एचपीएलसीवर लावायचा. सहात कमी पडलं तर आणखी सहा, तरीही नाही तर आणखी बारा. इम्प्युरिटी वेगळ्या. यातलं एक पान जरी मागाहून भरलेलं सापडलं तरी ऑडिटर

अबोलीचा_वळेसर (रात्री ९.३४)

दादा, थांबा! मामी लघवीबद्दल विचारतायत. गोळीच्या कारखान्याबद्दल नाही.

वेर्ण्याचा_क्यूसी (रात्री ९.३६)

अरे देवा. "ड्रग टेस्ट" वाचलं आणि हात आपोआप चालले. बारा तासांची शिफ्ट करून आलोय, माफी असावी.

लॅबवाला_म्हापसा (रात्री १०.०५)

मामी, दोस्ताने सांगितलं ते खरं आहे. अर्धं.

मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. खसखस अफूच्याच बोंडातली. बीमध्ये स्वतःचं मॉर्फिन, म्हणजे अफूतलं मुख्य द्रव्य, नगण्य, पण बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागतो आणि त्यात असतं. धुऊन, भिजवून, भाजून ते बरंच उतरतं. किती उरतं ते खेपेखेपेवर. एका पुडीत काही नसेल, दुसरीत बरंच असेल. म्हणून "इतक्या नेवऱ्यांपर्यंत चालतं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता टेस्ट. साधारण दोन टप्पे असतात. पहिली स्क्रीनिंग, म्हणजे पट्टी किंवा मशीनवरची इम्युनोअॅसे, अँटिबॉडीने ओळखणारी. दुसरी कन्फर्मेशन, जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस-एमएस या पदार्थ नेमका ओळखून मोजणाऱ्या मशीनवर. पहिली स्वस्त आणि पटकन होणारी. दुसरी महाग, पण तिचा शब्द शेवटचा.

पहिलीचं काम पाठमोऱ्या माणसाला हाक मारल्यासारखं. बाजारात पाठ बघून "ए प्रकाश!" म्हणून ओरडलो, वळला तो भलताच. दुसरीत त्याला समोर बसवून आधारकार्ड बघतात.

पण खसखशीचं दुखणं वेगळं. तिथे वळलेला माणूस खरोखर प्रकाशच असतो. लघवीत खरंच मॉर्फिन असतं, त्यामुळे जीसी-एमएसही "आहे" असंच म्हणेल. मग प्रश्न राहतो तो "किती?" त्याची जी मर्यादा ठरवलेली असते तिला कटऑफ म्हणतात; खाली निगेटिव्ह, वर पॉझिटिव्ह.

तारवटी_चीफकुक (रात्री १०.२२)

लॅबवाल्यांनी सगळं गोड करून सांगितलं. आता खरं ऐका.

मी मालवाहू बोटीवर कुक, १४ वर्षं. तीन वर्षांमागे जॉईन व्हायच्या आठ दिवस आधी पोट बिघडलं. डॉक्टरांनी ओफ्लॉक्सासिन दिलं. मेडिकलला पट्टीवर ओपिएट, म्हणजे अफूच्या कुळातलं, पॉझिटिव्ह. मी म्हटलं, औषध चालू आहे, चिठ्ठी दाखवतो. समोरचा म्हणाला, "पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह." कन्फर्मेशन वगैरे काही नाही. नाव कापलं, बोट गेली. पाच दिवसांनी पदरचे पैसे घालून दुसऱ्या लॅबमध्ये जीसी-एमएस केलं, निगेटिव्ह. रिपोर्ट घेऊन गेलो तर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. चार महिने घरी बसलो.

तुमची दोन टप्प्यांची टेस्ट कागदावर आहे, मामी. काउंटरवर एकच टप्पा.

अबोलीचा_वळेसर (रात्री १०.२६)

बाप रे. पोटाच्या गोळीने अफू दाखवली?

लॅबवाला_म्हापसा (रात्री १०.४८)

दाखवू शकते. ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीची औषधं काही ओपिएट इम्युनोअॅसेंना चकवतात, हे नोंदलेलं आहे. टीबीचं रिफाम्पिसिनही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन अॅम्फेटामिनच्या पट्टीला गोंधळात टाकतं. हेच ते पाठमोरे प्रकाश. अशा वेळी जीसी-एमएस लावलं की प्रकरण मिटतं. तुमच्यावर अन्याय झाला, चीफ, यात शंका नाही.

पण तुमच्या दुसऱ्या रिपोर्टबद्दल वाईट बोलावं लागतंय, राग मानू नका. पाच दिवसांनी दिलेली लघवी ही पाच दिवसांनंतरची लघवी. मॉर्फिन दोन-तीन दिवसांत निघून जातं. पहिल्या दिवशी काय होतं, याचा त्या निगेटिव्हवरून काहीच पुरावा मिळत नाही. पुन्हा तपासायला हवा होता तो पहिलाच नमुना.

तारवटी_चीफकुक (रात्री १०.५५)

पहिला नमुना कचऱ्याच्या डब्यात! माझ्या डोळ्यांदेखत टाकला.

वेर्ण्याचा_क्यूसी (रात्री ११.२०)

आता परत येतो, हे माझ्या गल्लीत आलं.

नमुना फेकला तिथेच टेस्ट संपली. आमच्याकडे प्रत्येक बॅचचा रिझर्व्ह सँपल एक्सपायरीनंतरही वर्षभर कपाटात असतो. लघवीसाठी अमेरिकेच्या सरकारी पद्धतीत हेच स्प्लिट स्पेसिमेन. किमान ४५ मिलिलीटर घेतात, ३० एका बाटलीत, १५ दुसरीत, दोन्ही देणाऱ्यासमोर सील. पहिली पॉझिटिव्ह आली तर माणूस म्हणू शकतो, दुसरी बाटली दुसऱ्या लॅबला पाठवा. खेळाडूंचे ए आणि बी सँपल तेच. या टेस्टिंगचे पहिले नियम १९८८ मध्ये तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आले आणि पुढे बऱ्याच जगाने तोच साचा उचलला.

आणि चेन ऑफ कस्टडी. बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, किती वाजता, सही कोणाची. लेबल माणसासमोर लागलं पाहिजे. दहा कप टेबलावर ओळीने ठेवून शेवटी नावं चिकटवत असतील तर पुढे मशीन कितीही कोटींचं असो, उपयोग शून्य.

मशीनच्या आतलंही सांगतो, मामींनी नियम विचारलेत. चांगली लॅब तुमचा नमुना एकटा चालवत नाही. स्क्रीनिंगच्या बॅचमध्ये ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने मिसळलेले असतात: एक अगदी कोरा, एक कटऑफच्या २५ टक्के वर, एक २५ टक्के खाली. या दोघांना मशीनने बरोबर ओळखलं तरच बाकीच्यांचं खरं मानायचं. कन्फर्मेशनला नमुन्यात ड्युटेरियमवालं मॉर्फिन मोजून घालतात. वागायला अगदी मॉर्फिनसारखंच, फक्त वजनाने किंचित जड. जुळा भाऊच समजा. काढताना, गाळताना मूळचं जितकं वाया जातं तितकाच जुळाही वाया जातो, म्हणून शेवटी हिशेब जुळतो. आणि खूप जास्त आलेल्या नमुन्यानंतर कोरा चालवतात, आधीच्याचं उष्टं पुढच्याच्या ताटात पडलं नाही ना ते बघायला.

डिचोलीकर (रात्री ११.२४)

जुळा भाऊ, उष्टं, ताट... दादा, तुम्ही लॅबमध्ये आहात की लग्नाच्या पंगतीत?

काणकोणचा_पाऊस (मंगळवार, सकाळी ७.५०)

माझा साधा प्रश्न. मेडिकल स्टोअरमधून पट्टी आणून घरीच बघितली तर? मी उत्सुकतेपोटी एकदा आणली होती. दोन रेषा आल्या. कोविडच्या किटमध्ये दोन रेषा म्हणजे पॉझिटिव्ह, तेव्हा काळजाचं पाणी झालं. मी तर फक्त चहा घेतला होता!

लॅबवाला_म्हापसा (सकाळी ८.३५)

हा हा! तुम्ही निगेटिव्ह होता. ही पट्टी कोविडच्या उलटी वाचायची. दोन रेषा निगेटिव्ह, फक्त वरची कंट्रोलची एकच रेष आली तर पॉझिटिव्ह.

कारण सांगतो. पट्टीवर टेस्टच्या जागी ते ड्रग आधीच चिकटवलेलं असतं. स्टॉपवर उभे प्रवासी समजा. रंगीत अँटिबॉडी म्हणजे रिकाम्या कदंबा बस. लघवीत ड्रग नसेल तर बस रिकाम्या येतात, स्टॉपवर थांबतात, रंगाची गर्दी होते, रेष उमटते. ड्रग असेल तर बस आधीच भरलेल्या. भरलेली कदंबा स्टॉपवर थांबते का कधी? रेष नाही.

त्यामुळे फिकट रेषसुद्धा रेषच, म्हणजे निगेटिव्ह. आणि किटवर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायची. तासाभराने डब्यातून काढून वाचू नये.

मामी, आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. पाकिटावर अक्षरांपुढे आकडा असतो. एमओपी ३०० लिहिलं असेल तर कटऑफ ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. ओपीआय २००० असेल तर २०००. अमेरिकेत आधी ३०० च होता. खसखशीचे पाव-केक खाणारे आणि कोडीनचं (अफूच्याच कुळातलं, खोकल्यावर देतात ते) औषध घेणारेच जास्त अडकायला लागले, म्हणून १९९८ मध्ये तो २००० केला. आपल्या बाजारात दोन्ही पट्ट्या मिळतात. तीच लघवी एका पट्टीवर पॉझिटिव्ह, दुसरीवर निगेटिव्ह.

अबोलीचा_वळेसर (सकाळी ८.५२)

नॅनोग्रॅम म्हणजे नेमकं किती ते डोळ्यांसमोर येईना.

वेर्ण्याचा_क्यूसी (सकाळी ९.०५)

उन्हाळ्यात तुमच्याकडे पाण्याचा टँकर येतो तो १० हजार लिटरचा धरा. त्यात ३ ग्रॅम मॉर्फिन ढवळलं की ३००. वीस ग्रॅम ढवळलं की २०००. गांजाचा स्क्रीनिंग कटऑफ ५०, म्हणजे अख्ख्या टँकरात अर्धा ग्रॅम.

दुबई_रिटर्न (सकाळी ९.४०)

अवांतर पण कामाचं. आखातात कोणाला डबा पाठवताना खसखस, खसखशीचा मसाला, अनारसे, काही म्हणजे काही घालू नका. अमिरातीत खसखस नेणं हाच गुन्हा आहे. तिथे कटऑफबिटऑफ नाही. आमच्या खोलीत एकाच्या आईने पाठवलेला मसाला आम्ही रात्री संडासात ओतला होता. आठवलं की अजून घाम फुटतो.

वकीलबाब_पणजी (सकाळी १०.१५)

इकडे मात्र घाबरू नका. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात पॉपी स्ट्रॉच्या (अफूच्या झाडाच्या बोंड-काड्यांच्या) व्याख्येतून बिया वगळलेल्या आहेत. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, तिथली खसखस वाण्याकडे येते. सेवनाची शिक्षा कलम २७ मध्ये आहे, पण नोकरीच्या मेडिकलमधली पट्टी म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. नोकरी जाऊ शकते. तुरुंग लांब आहे.

आणि पोलिसांची ड्रग टेस्ट वेगळी, गल्लत नको. तिथे माणूस तपासत नाहीत, पुडी तपासतात. जागेवर मार्क्विस रिएजंटचा थेंब टाकला आणि जांभळा झाला तर अफूच्या कुळातलं असावं, नारिंगी तर अॅम्फेटामिनकडे. तोही अंदाजच. कोर्टात रंग चालत नाही, फॉरेन्सिक लॅबचा अहवाल लागतो.

पेडण्याचो_बापू (सकाळी ११.०२)

सीझनमध्ये किनाऱ्यावर पार्टीच्या बाजूने नुसतं चालत गेलं तरी डोकं फिरतं. तो धूर टेस्टमध्ये येतो का? मी रोज त्याच वाटेने कामावर जातो.

लॅबवाला_म्हापसा (सकाळी ११.३०)

उघड्यावरून चालत गेल्याने ५० चा कटऑफ ओलांडणं जवळजवळ अशक्य. बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत ओढणाऱ्यांबरोबर तासभर बसलात तर गोष्ट वेगळी. पण तिथे बसलात तर "मी फक्त बसलो होतो" हे घरी तरी कोण ऐकणार?

डिचोलीकर (सकाळी ११.३३)

बापू, "रोज त्याच वाटेने" हे लेखी देऊ नका.

सोनचाफा_साखळी (दुपारी १.१०)

माझ्या चुलतभावाला कोणीतरी सांगितलेलं, आदल्या रात्रीपासून चार-पाच लिटर पाणी प्यायचं, सगळं धुऊन जातं. मामी, भाच्याला तेच सांगा ना, झाला तर फायदाच.

लॅबवाला_म्हापसा (दुपारी १.२५)

अजिबात नको! स्वच्छ माणसाने संशय ओढवून घेण्याचा हा राजमार्ग. लॅब ड्रगच्या आधी लघवी लघवीच आहे का ते बघते. कप हातात आला की चार मिनिटांच्या आत तापमान, ते ३२ ते ३८ अंशांत हवं. मग क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमी असणारा शरीराचा टाकाऊ पदार्थ, आणि घनता. क्रिएटिनिन २० मिलिग्रॅमच्या खाली आणि घनताही कमी म्हणजे "पातळ नमुना". दोनच्याही खाली गेलं आणि घनतेने साथ दिली नाही तर ही माणसाची लघवीच नव्हे असा शेरा. सोडा, लिंबू, ब्लीच यांच्यासाठी पीएच असतो. संडासातलं पाणी निळं का करतात वाटतं? नळाचं पाणी कपात येऊ नये म्हणून.

नेहमीसारखं पाणी, नेहमीसारखं जेवण. बस.

तारवटी_चीफकुक (दुपारी २.४०)

सगळं वाचलं. पाच दिवसांनंतरच्या रिपोर्टबद्दल लॅबवाल्यांचं पटलं, रात्री राग आला होता हे खरं. मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही की त्याच नमुन्याचं कन्फर्मेशन मागायचं असतं. मी जाऊन नवीन देऊन आलो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. हे ४५ मिलिलीटर, चार मिनिटं, निळं पाणी, सगळं अमेरिकेचं. आमच्या एजन्सीला काय बांधलंय? बोटीवर दारूचं तरी जगभर एक माप आहे, खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१० च्या मनिला दुरुस्तीपासून रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरला ०.२५ मिलिग्रॅम. ड्रगचं तसं माप मला कोणी दाखवलेलं नाही. ज्या कंपनीचा जो कागद, तो तिचा कायदा.

१९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ खडकावर चढली. कॅप्टन प्यायलेला होता हा आरोप कोर्टात टिकला नाही, पण तेव्हापासून तेलवाल्या कंपन्यांनी पट्टे आवळले. आवळायला हरकत नाही. दोन्ही बाजूंनी आवळा ना.

वेर्ण्याचा_क्यूसी (दुपारी ३.१५)

चीफ, इथे मी तुमच्या बाजूने. विमानवाल्यांचं बघा, ३१ जानेवारी २०२२ पासून डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकाचे, नियम लागू आहेत. पायलट असो की विमानांना वाट दाखवणारा एटीसीवाला, स्क्रीनिंगमध्ये आला तरी कन्फर्मेशनशिवाय शिक्का नाही. म्हणजे आपल्याकडे जमत नाही असं नाही.

लॅबचं प्रमाणपत्रही विचारावं. मेडिकल लॅबला आयएसओ १५१८९, टेस्टिंग लॅबला १७०२५, आपल्याकडे एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी संस्था देते. मात्र भिंतीवरची फ्रेम बघून फसू नका. मान्यता लॅबला सरसकट नसते, टेस्टनिहाय असते. साखरेला असेल आणि ओपिएटला नसेलही. अन् मोठ्या लॅबही पडतात. दिल्लीची राष्ट्रीय डोपिंग लॅब वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित केली, परत मान्यता मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर आपल्या खेळाडूंच्या बाटल्या परदेशी जायच्या.

मामी_फोंडेकर (दुपारी ४.००)

देव बरें करूं सगळ्यांचं. एवढं वाचून माझंच क्रिएटिनिन वाढलं असेल.

पण माझा अर्धा प्रश्न राहिला बघा. नेवरी की अफू, हे कळतं कसं?

लॅबवाला_म्हापसा (दुपारी ४.४५)

राहिलाच खरा, त्या बापूच्या धुराने घोळ घातला.

हेरॉइन घेतलं की शरीरात ६-एमएएम नावाचा पदार्थ तयार होतो. तो खसखशीतून येत नाही, कोडीनच्या सिरपमधूनही नाही. म्हणून त्याची वेगळी टेस्ट, कटऑफ फक्त १०. सापडला तर विषय संपला. पण तो काही तासांतच जातो, त्यामुळे सापडला नाही म्हणून निर्दोष असंही म्हणता येत नाही. उलट बाजूने थेबाइन, तो अफूच्या झाडाचा, शुद्ध हेरॉइनमध्ये राहत नाही. सापडला तर खसखशीच्या बाजूने कौल, पण प्रत्येक लॅब तो बघत नाही.

आणि शेवटी माणूस लागतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांत मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर असतो, डॉक्टर. मॉर्फिन १५,००० च्या खाली असेल आणि ६-एमएएम नसेल तर त्याला गैरवापराची प्रत्यक्ष खूण दिसली पाहिजे, नाहीतर पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. पंधरा हजारांच्या वर मात्र "नेवऱ्या खाल्ल्या" चालत नाही.

तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळाच असं कळवलं. इतकं सगळं असून! तेव्हा भाच्याला म्हणावं, गुरुवारपर्यंत डबा बंदच ठेव. आज मंगळवार, बहुतेक सगळं निघून जाईल. चालू औषधांची यादी आणि चिठ्ठी बरोबर ने. कप आपल्यासमोर सील करून घे. आणि तिथे विचार: कटऑफ किती, आणि पट्टी लागली तर याच नमुन्याचं कन्फर्मेशन करणार का.

तारवटी_चीफकुक (संध्याकाळी ५.१०)

शेवटचं वाक्य चिठ्ठीवर लिहून खिशात द्या मामी. तिथे गेल्यावर तोंड उघडत नाही, अनुभव आहे.

मामी_फोंडेकर (शनिवार, सकाळी १०.२०)

आला परत. फिट! पुढच्या सोमवारी विमान.

फॉर्मवर औषधांसाठी रकाना होता, खाण्यासाठी नव्हता. ह्याने औषधांच्याच रकान्यात "नेवऱ्या, खसखस घातलेल्या" असं लिहिलं. तिथल्या सिस्टर केरळच्या. त्यांनी विचारलं, हे कुठल्या कंपनीचं औषध, दिवसातून किती वेळा? हा म्हणाला, पाच-सहा वेळा, जेवणानंतर.

नणंद बोलायला लागली आहे.

लॅबवाला_म्हापसा (सकाळी १०.४१)

अभिनंदन! कटऑफ किती होता?

मामी_फोंडेकर (सकाळी १०.५८)

चिठ्ठी खिशातच राहिली म्हणाला.